बेगडेवाडी ते बीजिंग, व्हाया तळेगाव

बेगडेवाडीच्या फलाटावर उभं राहिलं की समोर १८५८ सालची परकी गुंतवणूक दिसते: खंडाळा-पुणे रेल्वे. भांडवल विलायतेचं, ५ टक्के व्याजाची हमी सरकारची. गाडी रिकामी धावली तरी साहेबाचा डबा भरलेला! विकास आणि साम्राज्य एकाच रुळावरून जायचे. समतोल बिमतोल कुणी विचारत नसे.

दोन स्टेशनं पुढे तळेगाव. १५ जून २०२० रोजी राज्य सरकारने चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी ३,७७० कोटींचा सामंजस्य करार केला आणि त्याच रात्री सीमेवर भारत-चीन सैनिकांची झटापट झाली, गलवान घडलं. करार 'जैसे थे' झाला. दुसरं काय करणार होते म्हणा. पण 'जैसे थे' हा फार मावळी प्रकार: नाही म्हणायचं नाही, होही म्हणायचं नाही, पाहुण्याला ओट्यावर बसवून ठेवायचं. दोन वर्षं बसून पाहुणा २०२२ मध्ये उठून गेला. मग ग्रेट वॉल जो घेणार होती, तो जनरल मोटर्सचा तळेगावचा बंद कारखाना कोरियाच्या ह्युंदाईने घेतला.

ही सगळी भूराजनीती माझ्या शेजारचा पोरगा परवा मला समजावत होता, हातातल्या चिनी मोबाइलवरून. तेवढ्यात त्याची बॅटरी संपली. चार्जरही चिनीच, आणि तो घरी राहिलेला.