आगामीकर

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर नाना राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते फक्त कुरियरवाला वापरतो. आम्ही सगळे त्यांना आगामीकर म्हणतो. जिन्यात भेटले की कसा आहेस, आई बरी आहे का, असलं काही नाही. थेट विचारणार, "परवा संध्याकाळी काय करतोयस?"

सकाळी पेपर आला की सरकार पडलेलं असो की तगलेलं, नाना आतल्या पानावरची शहरातल्या कार्यक्रमांची चौकट गाठतात आणि कात्रीने ती कापून घेतात. काकूंच्या हाती पेपर येतो तेव्हा त्याला खिडकी पडलेली असते. एकदा चौकटीच्या पाठीमागे काकूंच्या मावसबहिणीची निधनवार्ता होती. ती खिडकीतून गेली. काकूंना कळलं ते थेट तेराव्याला. नाना म्हणाले, "अगं, त्या दिवशी भरत नाट्य मंदिरात एकांकिकांची फेरी होती. एरवी मी मागची बाजू वाचतोच."

कात्रण मग डायरीत जातं. डायरी बँकेने फुकट दिलेली. होणारा कार्यक्रम पेन्सिलीने लिहायचा आणि झाला की शाईने गिरवायचा, असा नियम. गिरवायला सवड मिळाली नाही, त्यामुळे नानांच्या दफ्तरी गेल्या चार वर्षांत पुण्यात एकही कार्यक्रम झालेला नाही.

नानांच्या पुण्यात पेठा नाहीत, नुसती सभागृहं आहेत. टिळक स्मारक, साहित्य परिषद आणि भरत नाट्य मंदिर हा चालत उरकायचा पट्टा. नवी पेठेतलं पत्रकार भवन आणि एस. एम. जोशी सभागृह ही जोडदुकानं. इथे पोळपाट आवडला नाही तर तिथे लाटणं बघायचं. बालगंधर्व रंगमंदिरात बटाटेवडा आहे, म्हणून तिथे मुक्काम. कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह म्हणजे परगाव. तिकडे जायचं तर काकू डबा देतात.

पण नानांची खरी विद्या वेळेची. निमंत्रणपत्रिकेवर 'ठीक साडेपाच' असेल तर ते सहा दहा. 'ठीक' नसेल तर सहा. पंखा चालू असताना समई लावण्यात पाच मिनिटं, मग पंखा बंद करणारा माणूस शोधण्यात तीन. स्वागतगीत, पुष्पगुच्छ, पुष्पगुच्छ विसरलेल्यांना गुलाबाचं फूल. मग पाहुण्यांचा परिचय. तो पाहुण्यांनीच लिहून दिलेला असतो, म्हणून लांब. वक्ता 'मी फार वेळ घेणार नाही' म्हणाला की नाना घड्याळ बघून डायरीत पंचवीस मिनिटं वाढवतात. एरवी मला या माणसाच्या गणिताचं कौतुक आहे. खात्यात असताना त्यांनी धरणांची गणितं हीच लावली असतील तर मात्र खालच्या गावांची काळजी वाटते.

या विद्येच्या जोरावर नाना एका संध्याकाळी तीन कार्यक्रम करतात. साडेपाचच्या पुस्तक प्रकाशनाला सहाला जायचं. पुस्तकाची रंगीत फीत सुटली, फोटोसाठी पुस्तकं उलटी धरली गेली, की उठायचं. पावणेसातला व्याख्यान गाठायचं. वक्ते तेव्हा विषयाकडे वळत असतात. ते वळले की नाना दाराकडे वळतात. साडेसातला मैफल. तिथे पोचेपर्यंत द्रुत सुरू झालेली असते. नानांनी उभ्या आयुष्यात विलंबित ऐकलेलं नाही. तरीही बाहेर चहा पिताना म्हणतात, "बढत अजून हवी होती."

एकदा मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेलो होतो. 'प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव' असा कार्यक्रम होता. नाना म्हणाले, "काही जागा म्हणजे पहिल्या तीन रांगा. आपण चौथीतली कडेची खुर्ची धरायची. मधली खुर्ची म्हणजे जन्मठेप." बसल्याबरोबर त्यांनी डायरी उघडली आणि पुढच्या आठवड्याबद्दल माझ्या कानात कुजबुजायला सुरुवात केली. व्यासपीठावर एक बाई फार सुंदर बोलत होत्या, असं मला वाटतं. खात्रीने सांगू शकत नाही. नानांची मात्र बुधवारपर्यंतची माहिती मला आजही पाठ आहे.

ऋतू त्यांना झाडांवरून कळत नाहीत. चित्रपट महोत्सवाच्या पासाची रांग लागली की जानेवारी. वसंत व्याख्यानमालेची पत्रिका आली की उन्हाळा. न्यायमूर्ती रानड्यांनी ही माला १८७५ साली सुरू केली, तेव्हा दुपारची झोप झाल्यावर निवृत्त माणसाने जावं कुठे याचा त्यांनी विचार केला होता, असं नानांचं मत. २६ जूनला बालगंधर्व रंगमंदिराचा वाढदिवस. ते १९६८ साली त्याच तारखेला उघडलं आणि बालगंधर्वांचा जन्मही त्याच दिवशीचा. स्वतःच्या लग्नाची तारीख नाना काकूंना विचारतात, ही विचारावी लागत नाही. पावसात पुरुषोत्तम करंडक, ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासूनची. कॉलेजातली पोरं भरतमध्ये घसा फोडून 'आवाज कुणाचा' ते विचारतात. नाना पासष्टी ओलांडलेले, त्यांच्यात उभे राहून त्याच जोराने ओरडतात. कोणत्या कॉलेजाच्या बाजूने, ते विचारू नये. जे दाराजवळ असेल त्याच्या.

आणि डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव. इथे नाना हळवे होतात. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. पूर्वी तो रात्रभर चालायचा. "रमणबागेत सतरंजीवर एक झोप काढून उठलो तरी भैरव शिल्लक असायचा," नाना सांगतात. आता बहुतेक दिवशी रात्री दहाला माईक बंद. मांडव मुकुंदनगरला गेला. तरी पाचही दिवसांचं तिकीट, चटई, कानटोपी आणि धपाट्यांचा डबा घेऊन ते जातात. महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवी लावून होते. सारा मांडव निःशब्द बसून ती ऐकतो, असं ऐकणारे सांगतात. नाना त्या वेळी पार्किंगमध्ये असतात. गर्दी सुटायच्या आत स्कूटर काढलेली बरी.

या माणसाला हसणं सोपं आहे, मीही हसतोच. पण तीन वर्षांपूर्वी माझ्या कवितांचा एक कार्यक्रम झाला होता. माईकवाला धरून श्रोते नऊ. नाना दहावे आले, वीस मिनिटं बसले, दोनदा 'वा' म्हणाले आणि गेले. त्या वीस मिनिटांत श्रोते दहा होते. पुण्यात रोज संध्याकाळी कुठे ना कुठे कुणी तरी कागद थरथरत धरून रिकाम्या खुर्च्यांकडे बघत असतो. नाना तिथे जाऊन एक खुर्ची कमी करतात. आयोजकांनी हे नक्की कुठे तरी मोजलं असणार, कारण गेल्या महिन्यात एका संस्थेने त्यांना 'रसिक श्रोता' म्हणून गौरवायचं ठरवलं.

पत्रिकेवर 'ठीक साडेपाच' होतं. नानांनी डायरीत पेन्सिलीने लिहिलं: 'सत्कार, आपलाच, ६.४०.' काकूंना आणि मला पुढे पाठवून ते स्वतः नवी पेठेत एक प्रकाशन उरकायला गेले.

प्रमुख पाहुण्यांना सातची गाडी गाठायची होती. समई पहिल्या काडीला पेटली. साडेपाचला कार्यक्रम सुरू झाला. पाहुणे 'मी फार वेळ घेणार नाही' म्हणाले आणि त्यांनी खरोखरच घेतला नाही. मानपत्र वाचलं गेलं. 'कार्यक्रमाचा आरंभापासून अखेरपर्यंत मनःपूर्वक आस्वाद घेणारे' या वाक्याला काकूंना जोराचा खोकला आला. शाल त्यांच्याच खांद्यावर पडली. सव्वासहाला आभार मानून झाले आणि काकू शालीसकट रिक्षाने घरी गेल्या.

मी नारळ धरून दारात उभा राहिलो. सहा पस्तीसला नाना घाम पुसत आले. रिकाम्या सभागृहावर नजर फिरवून त्यांनी घड्याळ पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

"बघ, अजून कुणीच नाही," म्हणाले, आणि चौथ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसून त्यांनी डायरी उघडली.

झाडणाऱ्या मावशींनी ती खुर्ची सगळ्यात शेवटी उचलली.