परातीवर वाकवलेली तलवार

"वैनी, काल रात्री तुमच्याकडनं कसला ओ वास येत होता? प्लास्टिक जळल्यागत?"

"काय सांगू मावशी! पोरानं पाईप भाजला. गॅसवर! परड्यात जा म्हटलं तर ऐकंल तर शपथ. खिडक्या उघडून बसलो आम्ही."

"पाईप? नळाचा?"

"नळाचाच, पीव्हीसीचा. तलवार करतोय. फोमची, खेळायची. रविवारी मैदानावर दोन टोळ्या करून एकमेकांना बडवत्यात. हातावर लागली की हात गेला, पायावर लागली की लंगडत लढायचं."

"मग वाकवायचा कशाला? सरळ बरा की."

"बाकदारच पायजे म्हणतोय. आता पाईप नुसता तापवला की चेपतो. म्हणून आत बारीक वाळू ठासायची, दोन्ही टोकांना बूच मारायचं आणि फिरवत फिरवत तापवायचा. मऊ पडला की कशाच्या तरी गोलाईवर धरायचा, वरनं गार पाणी. ह्यानं धरला माझ्या परातीवर. झाला विळा! मग दुसरा आणला, तो गच्चीवरच्या टाकीला लावून वाकवला. तो बसला."

"आमच्या मालकांना कळलं तर येतील धावत. तरणेपणी तालमीत मर्दानी खेळ खेळलेत ते. त्यांचं एकच, ह्यात नवं काय? आमचा फरी-गदका काय होता? छडीवर कातड्याचं वेष्टण, दुसऱ्या हातात फरी, म्हंजे ढाल. मार मऊ, म्हणून पोरं मोकळ्या हातानं हाणत्यात आणि चुकवायला शिकत्यात. दांडपट्ट्यानं लिंबू कापायचं ते मागनं. आणि 2024 ला सरकारनं दांडपट्टा राज्यशस्त्र केला, तवापासनं तर त्यांच्यापुढं बोलायची सोय न्हाई."

"व्हय ओ, पण शिवाजी महाराजांची तलवार वाकडी का सरळ?"

"मी विचारलं की. लंडनला राजघराण्याच्या संग्रहात हाय, जिला जगदंबा म्हणत्यात, ती सरळ, म्हणाले. पातं युरोपातलं. प्रिन्स ऑफ वेल्स 1875-76 ला हिंदुस्थानात आलेला, तवा आपल्याच कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडनं त्याला भेट गेली. लहान होते ते, बारा-तेरा वर्षांचे."

"बघा! आणि आमचा वाकडीवर अडलाय."

"वाकडं पातं ओढत कापत जातं, सरळ भोसकायला बरं. पण फोमला कसली आलीय धार? बाक नुसता मिरवायला."

"न्हाई ओ, ढालीच्या कडेवरनं वळून आत पोचती म्हणे. फोम चप्पल लाईनमधनं आणला, सोलचा. सरळ पट्टी वाकवून लावली तर आतल्या अंगाला सुरकुत्या पडत्यात. म्हणून पाईप कागदावर ठेवून बाक आखला, फोम तसाच कापला. सोल्युशन दोन्हीकडं लावायचं, बोटाला चिकटंना झालं की मग दाबायचं. एकदा बसलं की हलवायचं नाव न्हाई. टोकाला मात्र लई जपला. आतला पाईप फोम फाडून कुणाच्या डोळ्यात गेला तर? बुचावर चामड्याचा तुकडा, त्यावर चार बोटं स्पंज."

"आणि मूठ?"

"तिथंच खरा घोळ! गोल मूठ हातात फिरती. धारेचं अंग लागायच्या जागी चपटं लागतं. बाकदार असली की वजन एका अंगाला जातं, मग आणखीच फिरती. शेवटी सायकलच्या ट्यूबचे तुकडे दोन बाजूंनी गुंडाळून लांबट केली. आता डोळे झाकून धरली तरी कळतं, धार कुठल्या अंगाला."

"जमली म्हणायची."

"जमली की! बापाच्याच पाठीवर हाणून बघितली. नुसतं थप्प! ह्यांनी पेपर पण खाली ठेवला न्हाई."

"नाद खुळा! संध्याकाळी लावून देतो मालकांना. चार हात शिकवतील."

"लावून द्या. पण आधी फरी कशी करायची ते सांगा म्हणावं. ढालीचं खूळ घेतलंय त्यानं, आणि सकाळपासनं परत माझ्या परातीकडंच बघतंय."