सॅटर्न-५ची प्रतिकृती जोडू इच्छिणाऱ्यांस काही सूचना

प्लास्टिकच्या सुट्या भागांपासून अग्निबाणाची प्रतिकृती जोडणे हे मुलांचे काम आहे, असा एक गैरसमज समाजात रूढ आहे. वस्तुतः मूल हे काम रविवारच्या एका दुपारी उरकून मोकळे होते, यावरूनच ते त्याचे काम नव्हे हे सिद्ध व्हावे. हे कार्य प्रौढांचे असून त्यास स्थैर्य, अल्पस्वल्प मिळकत आणि घरातील वडीलधाऱ्यांची बिनतक्रार संमती यांची आवश्यकता असते. पैकी तिसरी गोष्ट दुर्मिळ असल्याने पहिल्या दोहोंवर भागवावे.

प्रारंभ रेव्हेल कंपनीच्या १:९६ प्रमाणातील सॅटर्न-५पासून, म्हणजे माणसास चंद्राकडे नेणाऱ्या अमेरिकी अग्निबाणापासून, करावा. याहून लहान, १:१४४ प्रमाणातील प्रतिकृतीही बाजारात आहेत, पण त्या कपाटात मावतात, आणि कपाटात मावणाऱ्या वस्तूवरून घरात वादंग कसा होणार? १:९६ म्हणजे आपल्या सुताराच्या भाषेत फुटास एक सूत. मूळ अग्निबाण ३६३ फूट उंच. तेव्हा आपला ३६३ सुतांचा, म्हणजे पावणेचार फुटांहून किंचित उंच. या हिशेबाने सहा फुटी अंतराळवीर पाऊण इंचाचा होतो आणि चंद्र सुमारे चार हजार किलोमीटरांवर, म्हणजे मुंबईहून दुबईस जाऊन परत यावे इतक्या अंतरावर, जाऊन बसतो. टेबलावर चंद्रही मांडावा असा विचार ज्याच्या मनात येत असेल त्याने तो याच टप्प्यावर तहकूब करावा.

खोके उघडताच रीतसर पंचनामा करावा. सारे भाग प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले असतात. ते हाताने पिळून तोडणाऱ्या इसमास या क्षेत्रातून कायमचे हद्दपार करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नेलकटर घरोघरी असतो, त्याने तोडून उरलेला खुंट पॉलिश पेपरने घासावा. तत्पूर्वी चौकटी साबणाच्या पाण्याने धुवाव्यात, कारण साच्यातील तेलकटपणा अंगावर राहिल्यास रंग धरत नाही. जोडण्यासाठी जे द्रव्य वापरतात त्यास व्यवहारात गोंद म्हणत असले तरी त्याचा स्वभाव गोंदाचा नाही. ते पॉलिस्टायरिनच्या दोन्ही कडा क्षणभर वितळवते, त्या एकमेकींत मिसळतात, आणि द्रव्य उडून गेले की दोन भागांचा एकच भाग झालेला असतो. सबब, त्या ओल्या कडेवर ज्याचा अंगठा टेकेल त्याचा ठसा अग्निबाणावर अशा रीतीने उमटतो की तो दस्तऐवजावर असता तर कोर्टात ग्राह्य धरला गेला असता. सांध्यात फट राहिल्यास लांबी भरावी, वाळू द्यावी, घासावी; पुन्हा भरावी, पुन्हा घासावी. या क्रियेचा शेवट कोठे, असा प्रश्न नवशिके विचारतात. रंग लावल्यावर फट पुन्हा दिसते, एवढेच त्यांना सांगावे.

रंगाविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण खरे वैर येथेच उत्पन्न होते. अग्निबाणाच्या शुभ्र देहावरील काळे पट्टे केवळ शोभेसाठी नव्हते. उड्डाणात तो स्वतःभोवती किती फिरतो हे दूरच्या कॅमेऱ्यांना कळावे, हा त्यांचा हेतू. आता, केनेडी अवकाश केंद्रात २५ मे १९६६ रोजी, म्हणजे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी दशक संपण्यापूर्वी मनुष्य चंद्रावर उतरवण्याचा संकल्प सोडल्यास बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, प्रथम जो सॅटर्न-५ वाजतगाजत बाहेर काढण्यात आला, तो मुळी उडण्यासाठी नव्हताच. पाचशे-एफ या नावाचा तो नमुना, अवाढव्य वाहक आणि प्रक्षेपणस्थळ यांची तालीम घेण्यापुरताच उभा केला होता. त्याच्या पहिल्या टप्प्यातील दोन टाक्यांमधल्या भागावर काळा रंग होता. उन्हात त्याने आतील तापमान वाढते असे दिसून आल्यावर प्रत्यक्ष उडणाऱ्या अग्निबाणांवर तो भाग पांढरा करण्यात आला. परंतु तोवर छायाचित्रे सर्वत्र पोहोचली होती, आणि त्यांवरून साचे व सूचनापत्रके तयार करणाऱ्यांनी तो काळा पट्टा पुढील पिढ्यांच्या हवाली केला. परिणामी, सूचनापत्रकाचे शब्दशः पालन करणारा सज्जन मोठ्या निष्ठेने असा अग्निबाण सिद्ध करतो की जो चंद्राकडे कधी गेलाच नाही. अशा सज्जनाच्या घरी जावे, प्रतिकृतीची स्तुती करावी, आणि निघताना चपला घालता घालता सहज विचारावे, “पाचशे-एफ केलात वाटतं?” त्याची झोप उडाल्याची वार्ता यथावकाश येते.

अग्निबाणासोबतच्या, चंद्रावर उतरणाऱ्या चांद्रयानास सोनेरी वेष्टन हवे. मूळ वेष्टन सोन्याचे नसून कॅप्टन नावाच्या पिवळसर पातळ पडद्याचे होते. मागील बाजूच्या ॲल्युमिनियममुळे ते सोन्यासारखे चमके. घरी याकरिता चॉकलेटचा सोनेरी कागद उपयोगी पडतो, आणि त्या निमित्ताने चॉकलेट खावे लागते, ही या छंदातील एकमेव गोष्ट आहे जीस कुटुंबीयांचा पाठिंबा मिळतो. कागद चुरगाळून लावावा, इस्त्री केल्यासारखा नको. मूळ चांद्रयान बांधणाऱ्या ग्रुमन कंपनीच्या कामगारांनीसुद्धा मूळचे थर हाताने चुरगाळले होते, कारण थरांचा परस्परांशी स्पर्श जितका कमी तितकी उष्णता कमी पसरते. घरात कोणी “हे असं चोळामोळा काय केलंय?” असे म्हटल्यास हेच कारण गंभीरपणे सांगावे.

पाण्यात भिजवून सरकवायच्या अक्षरांबाबत एवढेच, की पंखा बंद करावा.

मुदतीविषयी चिंता नसावी. खऱ्या अग्निबाणाचा पहिला टप्पा सुमारे अडीच मिनिटे जळून अटलांटिक महासागरात पडे. आपल्या पहिल्या टप्प्यास एक पावसाळा सहज जातो, कारण दमट हवेत रंग वाळत नाही आणि फवारलेला रंग पांढुरका पडतो. अमेरिकेस संकल्पापासून चंद्रापर्यंत आठ वर्षे लागली, हे ध्यानी ठेवून विचारणाऱ्यास उत्तर द्यावे. त्यांच्यापाशी चार लाख माणसे होती, हेही जोडावे.

सिद्ध झालेली वस्तू ठेवावी कोठे, हा प्रश्न घरात उपस्थित होईल तेव्हा वाद न घालता पूर्वदाखला पुढे करावा. ह्यूस्टन, हंट्सव्हिल आणि केनेडी केंद्र येथे जे तीन सॅटर्न-५ उरले आहेत ते तिन्ही आडवे ठेवलेले आहेत. उभे करून मिरवण्याचा आग्रह खुद्द नासानेही धरलेला नाही. तेव्हा दिवाणखान्यातील कपाटाच्या माथ्यावर दोन लाकडी आधार देऊन तो आडवा निजवावा, आणि अंगठ्याचा ठसा असलेली बाजू भिंतीकडे करावी.