रात्री सोडा

एकाच छंदातून अवघ्या विश्वाचा कायदा काढणारा माणूस तुमच्याही नात्यात असणारच. कुणाच्या काकांनी रक्तदाबाचं यंत्र घेतलेलं असतं आणि तेव्हापासून ते निवडणुकीच्या निकालातही वरचं किती, खालचं किती एवढंच बघतात. कुणाची आत्या गुलाबाच्या छाटणीवरून नातवंडांची शिस्त ठरवते. आमच्या वाट्याला आले ते माझ्या बायकोचे मामा, मुक्काम इन्नंबूर, कुंभकोणमजवळ. त्यांच्या परसात कोंबड्या आहेत. बाकीचं जग त्या परसाचं शाखा कार्यालय आहे.

मामा तंजावरी मराठी. देशस्थ. अंड्याला हात लावतात तो फक्त दुसऱ्याला देण्यापुरता. मग कोंबड्या कशा आल्या? बँकेतून. मामा एका राष्ट्रीयीकृत बँकेत कर्ज अधिकारी होते आणि 1980 पासून एकात्मिक ग्रामीण विकासाची कर्जं देशभर सुटली तेव्हा गाई, शेळ्या, कोंबड्या यांची प्रकरणं त्यांच्या टेबलावरून गेली. एका कर्जदाराला हप्ता जमेना, तेव्हा त्याने एका पहाटे तीन कोंबड्या आणि एक कोंबडा मामांच्या ओट्यावर डालग्याखाली झाकून ठेवला आणि तो तिरुप्पूरला कामाला निघून गेला. मामांनी हप्ता स्वतःच्या खिशातून भरला आणि कोंबड्या खाती जमा केल्या. गावाला यात गैर वाटलं नाही. इन्नंबूरचा देव एळुत्तरिनादर, म्हणजे अक्षर जाणणारा. देवळाच्या हिशेबनिसाकडे राजाने हिशेब मागितला तेव्हा शंकराने स्वतः त्याचं रूप घेऊन वह्या दाखवल्या, अशी इथली कथा. शाळेत घालायच्या आधी मुलांना तिथे नेतात. "आमच्या गावचा देवच पहिला ऑडिटर," असं मामा म्हणतात आणि देवळाकडे बघून चष्मा पुसतात.

आता मामांचा कायदा. नवी कोंबडी घरच्या कळपात घालायची तर तीन पायऱ्या. पहिली, वेगळी ठेवा. तीन-चार आठवडे, दुसऱ्या कोपऱ्यात, पाण्याचं भांडंसुद्धा निराळं; कारण राणीखेत रोग बाहेरून येतो, आणि तो आला की खुराडं रिकामं होतं. लासोटा लसीचे थेंब कुणाला पडलेत आणि कुणाला नाहीत ते मामांच्या वहीत तारखेनिशी आहे. दुसरी पायरी, दिसू द्या, लागू देऊ नका. मध्ये जाळी. जुन्यांनी अलीकडून बघायचं, नव्यांनी पलीकडून, चोची मारायच्या त्या तारेवर. तिसरी, रात्री सोडा. अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती भांडत नाही. नवीला अलगद उचलून दांडीवर जुन्यांच्या शेजारी बसवायची. पहाटे सगळ्या एकत्रच उठतात.

"आणि मग भांडत नाहीत?" मी विचारलं.

"भांडतात की. पण रात्र एकत्र काढल्यावर जीव घ्यायला धजत नाहीत."

इथवर ठीक होतं. कोंबड्या पाळणारा कुणीही हेच सांगेल. पण धाकट्या मेहुण्याला चेन्नईत नोकरी लागली आणि मामांनी त्याला बजावलं, "पहिला महिना कँटीनमध्ये वेगळं बस." देवळात नवे गुरुक्कल आले तेव्हा मामांचं मत पडलं की त्यांना आधी बाहेरच्या प्राकारात फिरू द्यावं, लोकांनी लांबून बघावं, आणि मग अर्धजामाच्या पूजेला, म्हणजे रात्री, गाभाऱ्यात सोडावं. दोन बँकांचं विलीनीकरण झालं, पेपरात मथळा आला. मामांनी पेपर घडी करून ठेवला. "दिवसाढवळ्या केलंय," ते म्हणाले. "टोचणार एकमेकांना."

माझं लग्न झालं तेव्हा मी पुण्याचा, म्हणजे यांच्या लेखी परदेशीच. पहिल्या मुक्कामात माझी गादी ओट्यालगतच्या खोलीत, तांब्या-भांडं वेगळं, आणि जेवायला पानसुद्धा खिडकीच्या अलीकडे. खिडकीला गज होते. पलीकडे सगळं सासर बसून मला जेवताना बघत होतं. मला वाटलं, ही तंजावरी रीत असेल. पुढच्या खेपेला रात्री दिवे गेले असताना मामांनी मला हाताला धरून माजघरात नेलं आणि तीन साडवांच्या मध्ये बसवलं, तेव्हा कुठे मला पायऱ्यांचा उलगडा झाला.

कोंबड्याबद्दलचं मामांचं मत मात्र कोंबडीबद्दलच्या मताएवढं मृदू नाही म्हणता येणार. कोंबड्याबद्दल ते फारच कडक. आठ-दहा कोंबड्यांमागे एक, बस. दुसरा ठेवला की कोंबड्यांच्या पाठीची पिसं जातात आणि मालकाची झोप. त्यांच्या कोंबड्याचं नाव मॅनेजर. हा मॅनेजर दाणा सापडला की स्वतः न खाता कुक्-कुक् करून कोंबड्यांना बोलावतो, आणि हे बघून मामा दर वेळी म्हणतात, "आमच्या शाखेत असा एकही नव्हता." पण पोस्टमनवर तो पायाची आर पुढे काढून झेपावतो. अशा वेळी पळायचं नाही, लाथ मारायची नाही. त्याला उचलायचा, काखेत दाबायचा आणि सगळ्या कोंबड्यांच्या देखत हिंडायचं, तो गप्प होईस्तोवर. त्यामुळे इन्नंबूरच्या सन्निधी रस्त्यावर काखेत कोंबडा धरून, दुसऱ्या हातात डिग्री कॉफीचा टंबलर घेऊन, व्याजदरावर बोलणारे मामा हे नेहमीचं दृश्य आहे. कुणी हसलं तर ते मुरुगनाच्या स्वामीमलैच्या दिशेने बोट करतात. मुरुगनाने शूरपद्मनाला दुभंगलं, अर्ध्याचा मोर झाला, अर्ध्याचा कोंबडा. मोर वाहन, कोंबडा ध्वजावर. "मूळचा असुर आहे हा. देवालासुद्धा याला उंच बांधून ठेवावं लागलं."

मी एकदा शहाणपणा करून त्यांना जपानी संशोधन ऐकवलं. पहाटे आधी सगळ्यात वरच्या पायरीचा कोंबडा आरवतो, मग खालचे क्रमाने. 2015 साली छापून आलंय. मामांना नवल वाटलं नाही. रीजनल मॅनेजर बोलल्याखेरीज कोण तोंड उघडतो? मग मी नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बेचं नाव काढलं. कोण कुणाला टोचतं याचा क्रम त्याने लहानपणापासून कोंबड्या बघून मांडला, शंभर वर्षांपूर्वी.

मामांनी शांतपणे ऐकलं. "नव्या किती दिवस वेगळ्या ठेवायचा तो?"

मला माहीत नव्हतं. शेल्डेरुप-एब्बे निकालात निघाला.

आता हे सगळं हसण्यावारी नेता येतं, आणि मी वर्षानुवर्षं नेत आलो. पण मामा एकदा तंजावरला घेऊन गेले. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी 1803 साली कोरून घेतलेला मराठी लेख आहे, भोसल्यांचा सगळा इतिहास, भिंत सरता सरत नाही. मी मराठी माणसाला शोभेल अशी छाती फुगवली. मामा म्हणाले, "एवढं लांबलचक आपण कोण ते कोण लिहितो? जाळीपलीकडचा." एकोजी राजे 1676 च्या सुमारास इथे गादीवर बसले. त्यांच्या मुलाने, शहाजीने, तेलुगूत नाटकं लिहिली. 1855 ला राज्य गेलं, माणसं राहिली. घरात मराठी, दारात तमिळ, गाण्यात तेलुगू. "आपल्याला कुणी वेगळं ठेवलं नाही, कुणी रात्री सोडलं नाही. भर दुपारी घोड्यावरून आलो. म्हणून साडेतीनशे वर्षं लागतायत."

आणि एक गोष्ट, जी मला मान्य करायला आवडत नाही. मामांच्या मुलाने पंजाबी मुलगी केली. घरच्या बायकांनी तिला पहिल्याच दिवशी मधोमध बसवून गाणं म्हणायला सांगितलं, साडीचा पदर ओढून बघितला. मामा उठले, तिला परसात घेऊन गेले, दाण्याचा डबा तिच्या हातात दिला आणि दाराशी खुर्ची टाकून बसले. आत कुणाला सोडलं नाही. रोज संध्याकाळी तासभर, दोघं काही न बोलता. त्यांचा एक पोटनियम आहे: एकटी नवी कधी आणू नये, दोन आणाव्यात, म्हणजे मार वाटला जातो. दुसरी सून काही त्यांना आणता येईना. तेव्हा ते स्वतः तिच्या बाजूला जाऊन बसले. टोचून घ्यायला.

मामी गेल्यानंतर या सुनेनेच त्यांना बंगळूरला नेलं. तेराव्या मजल्यावर. कोंबड्या शेजारच्या घरी, वहीसकट. आम्हाला वाटलं, म्हातारा खचणार. फोन केला तर कळलं, सोसायटीच्या बागेत निवृत्तांचा एक बाक आहे. मामा त्याच्यासमोरच्या बाकावर एकटेच बसतात, आपला थर्मास घेऊन. मध्ये मेंदीचं कुंपण. चार आठवडे कुणाशी बोलायचं नाही, असं त्यांनी स्वतःलाच घालून घेतलं होतं.

परवा पुन्हा फोन केला. आवाज खणखणीत. आता ते कुंपणाच्या त्या बाजूला आहेत. बाकावर सहा माणसं आणि त्यांत चार कोंबडे, ही त्यांची मुख्य तक्रार. एकाला काखेत धरून बाग हिंडवायची गरज आहे, पण तो माजी कर्नल आहे.

"सोमवारी मंगळूरचा एक नवा येतोय," ते म्हणाले. "सगळ्यांना बजावलंय, महिनाभर त्याला पेन्शन किती ते विचारायचं नाही. मग एके रात्री आणून बसवू मध्ये."

"मामा, बाग आठला बंद होते."

"सेक्रेटरीला तेच अर्जात लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"दिवे काढा म्हणून."