मोजणीवाले बापू

बापूंना कुणी ‘कुठं राहता?’ असं सहज म्हणून विचारू नये. विचारणाऱ्याची अपेक्षा असते की ‘कर्वेनगर’ म्हणतील आणि विषय संपेल. पण सगळी हयात जमीन मोजणीत घालवलेल्या माणसाला जागा ही सहज बोलायची गोष्ट वाटत नाही. ते आधी विचारतात, “कशासाठी हवंय?” मग कामाप्रमाणे उत्तर. पत्रिका द्यायची असेल तर सोसायटी, विंग, मजला. रिक्षावाल्याला राजाराम पूल. पेठेतल्या नातेवाइकांना ‘नदीपलीकडे’. आणि विमा एजंटाला, “हल्ली आम्ही बहुतेक गावीच असतो.”

हे सगळं शेजाऱ्यांनी हसण्यावारी नेलं होतं. पुतण्यानं नेलं नाही. तो आणि त्याचे मित्र जुन्या वस्तूंच्या जाहिरातींचं एक अ‍ॅप बनवत होते, ज्याला मालकच नाही. मधे कंपनी नाही, एक मोठा सर्व्हर नाही. ज्यानं त्यानं आपली जाहिरात आपल्या पसंतीच्या सर्व्हरवर ठेवायची आणि त्या सर्व्हरांनी ती एकमेकांना कळवायची. पुतण्या हे स्वातंत्र्यलढ्याच्या आवेशात सांगत होता. बापूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग गावांची यादी कुणाच्या दप्तरी?”

पुतण्या गप्प झाला. कारण अडचण खरी होती. क्रेग न्यूमार्कनं १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मित्रांना ईमेल पाठवत सुरुवात केली, त्याची क्रेगलिस्ट झाली आणि ती शहराशहरांत विभागली गेली. पण तिथं यादी ठरवणारं कुणीतरी होतं. मालकच नसला की एक जण ‘पुणे’ लिहितो, दुसरा ‘पूना’, तिसरा ‘पुणे ३८’ आणि चौथा ‘डेपोच्या मागे’.

“पिनकोड घेऊ या,” पुतण्या म्हणाला.

“अरे, तो टपाल छाटायला केलाय, कपाट विकायला नाही!” श्रीराम भिकाजी वेलणकरांनी घडवलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाला, हे बापू अभिमानानं सांगतात. पण ४११०३८ मधून ४११०३० वजा केल्यानं कोथरूडचं सदाशिव पेठेपासूनचं अंतर निघत नाही, हेही तितक्याच अभिमानानं.

मग पुतण्यानं जिओहॅश काढला. २००८ साली गुस्तावो निमेयर यांनी आणलेली युक्ती. पृथ्वीचे बत्तीस तुकडे, प्रत्येकाचे पुन्हा बत्तीस, असं करत जायचं. अक्षर वाढलं की चौकट लहान. यादी नको, मालक नको, अक्षांश-रेखांशावरून कुणीही तोच संकेत काढावा. बापूंचे डोळे चमकले. पुण्याच्या आसपास चार अक्षरांची चौकट साधारण ३७ किलोमीटर रुंद आणि साडेएकोणीस किलोमीटर उंच पडते. बापूंनी ती नकाशावर पट्टीनं आखली आणि हर्षभरित झाले. चौकटीची हद्द ७३.८२८ रेखांशावर, म्हणजे नळस्टॉपच्या आसपास, शहराच्या छातीवरून गेली होती. कोथरूड टीईके३ मध्ये, सदाशिव पेठ टीईके९ मध्ये. कोथरूडकराला पौडचं कपाट दिसणार आणि अलका टॉकीजपलीकडचं दिसणार नाही. (पेठेतल्या मंडळींना यात काही चुकलंय असं वाटलं नाही.)

“चतुःसीमा घातल्याशिवाय दस्त होत नसतो,” बापूंनी निकाल दिला. शोधताना आपली चौकट आणि तिला लागून असलेल्या आठही चौकटी विचारात घ्यायच्या. पुतण्या म्हणाला, काका, हेच करतात. बापू म्हणाले, करणारच.

खरा वाद पुढे झाला. पुतण्याला विकणाऱ्याचा नेमका बिंदू हवा होता. टपाल खात्याचा डिजिपिनही आहेच, चार बाय चार मीटरचा. “म्हणजे आमची बैठकीची खोली!” बापू कडाडले. रुग्णवाहिकेला ती जरूर सांगावी, पण सायकल विकताना कशाला? मालक नसलेल्या व्यवस्थेत एकदा वाटलेली जाहिरात शंभर सर्व्हरांवर जाते. सायकल विकली तरी आपलं घर तिथं राहतं, आणि ते पुसा म्हणून सांगायला कार्यालयच नाही. फोटोच्या पोटातही फोन गुपचूप ठिकाण नोंदवून ठेवतो, ते आधी काढून टाकावं लागतं. पुतण्यानं तोड सुचवली: दर जाहिरातीला बिंदू थोडा इकडेतिकडे ढकलू. बापू हसले. “आम्ही मोजणीत काय करायचो? पुनःपुन्हा वाचन घ्यायचं आणि सरासरी काढायची. तू दहा जाहिराती टाक, मी तुझ्या दारात उभा राहतो.” म्हणून ढकलाढकली नको, ठरलेली मोठी चौकटच सांगावी. इथं मी मनातल्या मनात टाळी दिली.

घेणाऱ्याचंही तसंच. त्याच्या फोननं फक्त मोठ्या नऊ चौकटी मागाव्यात, किती लांब जायचं ते फोनमध्येच चाळावं, सर्व्हरला सांगत बसू नये. आणि लांबी वस्तूवर ठरते. पुस्तक पोस्टानं नागपूरहून येईल, कपाटाला टेम्पोचं भाडं परवडलं पाहिजे. सरळ रेषेवर तर मुळीच जाऊ नये. वर्सोव्याहून मढला होडीनं काही मिनिटांत पोचता येतं, गाडीला मात्र मालाडवरून वीसेक किलोमीटरचा वळसा. फ्रीज होडीनं नेणारं गिऱ्हाईक बापूंना अजून भेटलेलं नाही.

सरतेशेवटी बापूंनी अर्जातला ‘पत्ता’ हा रकाना खोडून ‘वस्तू कुठे मिळेल’ असा केला. इतकं शहाणपण एका रकान्यात मी तरी पाहिलेलं नाही.

पहिली जाहिरात त्यांचीच. लोखंडी कपाट, मिळण्याचं ठिकाण: राजाराम पूल. कपाट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आलेल्या गिऱ्हाइकाला बापू पुलावर गाठत, चौकशी करत आणि पसंत पडला तर तीन गल्ल्या फिरवून घरी आणत. जिना बघून गिऱ्हाईक परत जाई. कपाट अखेर वरच्या मजल्यावरच्यांनी घेतलं. त्यांना जाहिरात दिसलीच नव्हती, चपला काढताना उघड्या दारातून कपाट दिसलं होतं.

आता बापूंना मोजणीची साखळी विकायची आहे. खात्याची नव्हे, स्वतःच्या पैशानं घेतलेली. तेहतीस फुटी, सोळा आण्यांची, एकही कडी तुटलेली नाही. इच्छुकांनी पुलाच्या कर्वेनगरच्या टोकाला यावं. भाव ठरलेला आहे, आणि खात्री करायला येताना टेप आणू नये, बापूंना राग येतो.