जावईबापूंचा समुद्र

पोर्टलंड, मेन

ती. बाबा आणि आईस सा. न.

हे फोनवर बोलता येत नाही, कारण फोन लागला की जावईबापू ब्रश घेऊन मागे उभे राहतात. म्हणून पत्र.

तुमच्या जावयाने तैलरंगात समुद्र काढायला घेतलाय. तोही हुबेहूब, लाटांसकट. मिऱ्याच्या किनाऱ्यावर वाढले मी, आणि समुद्राचं वेड लागलं जालन्याच्या माणसाला!

यांच्या चित्रकलेच्या वर्गातल्या बाईंनी पहिला धडा क्षितिजाचा दिला. ते जरा कललं की पाणी कॅनव्हासच्या एका बाजूने सांडायला लागतं म्हणे. त्या दिवसापासून घरातली पाणसळ गायब आहे. मग लाट. आपण निळा रंग फासून वर पांढरं थापलं की लाट झाली असं समजतो. तसं केलं की फ्लॉवरचा गड्डा होतो, आमच्याकडे बरेच झाले. खरी गंमत लाटेच्या माथ्याखाली आहे. तिथे पाणी पातळ होतं, मागचा उजेड आरपार येतो आणि काचेसारखा हिरवा पट्टा चमकतो. त्यासाठी व्हिरिडियनमध्ये किंचित पिवळा. खाली पोटाशी मात्र काळपट. आणि सावलीतला फेस पांढरा नसतोच, करडा-जांभळा असतो. शुद्ध पांढरा फक्त ऊन पडतं तेवढ्या टिकलीपुरता. हे ज्ञान आमच्या चिनूने शाळेत वाटलं. आता अख्ख्या वर्गाच्या चित्रांत जांभळा फेस आहे.

आई, तू जवसाची चटणी पाठवलीस, त्याच जवसाचं तेल या रंगांत असतं. पण हे रंग पाण्यासारखे उडून वाळत नाहीत. तेल हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतं. तेलाची चिंधी चुरगाळून टाकली तर आपोआप पेटूसुद्धा शकते. म्हणून चिंध्या पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवायच्या. तो डबा तू दिलेला, पुरणाचा. त्यावर मी बरंच बोलले आहे, इथे लिहीत नाही.

इथलं म्युझियम मात्र खरंच बघण्यासारखं. विन्स्लो होमरचं १८९४ चं 'वेदरबीटन' हे चित्र तिथे आहे. नुसते खडक आणि फुटणारी लाट, माणूस औषधाला नाही. हे त्यासमोर इतका वेळ उभे राहिले की पहारेकरी सरकत सरकत जवळ आला. होमर १८८३ पासून जवळच प्राउट्स नेकला राहिला, मरेपर्यंत. लोकांनी त्रास देऊ नये म्हणून त्याने 'साप! उंदीर!' अशी पाटी केली होती. आमच्या तळघरालाही तशीच हवी म्हणे. म्हटलं, उंदरांपुरती खोटी ठरणार नाही.

माझं मत विचाराल तर मी रशियाच्या आयवाझोव्स्कीच्या बाजूची. 'नववी लाट' त्याने १८५० साली काढली. हलतं पाणी समोर बसून काढताच येत नाही, आठवणीतूनच काढावं, असं त्याचं म्हणणं. इथल्या थंडीत खडकावर नवऱ्यासाठी छत्री धरून उभं राहिलेल्या कुठल्याही बाईला ते पटेल. लाट काही यांच्यासाठी थांबत नाही, आणि माझी बोटं गारठत असतात.

तरी एक कबूल करायला हवं. परवाच्या चित्रात एका लाटेचा माथा असा काही उजळलाय की मी चहा ठेवायचा विसरले. यांना सांगितलेलं नाही, नाहीतर दुसरा कॅनव्हास येईल.

रविवारी व्हिडिओवर दाखवतील. बाबा, होडी कुठाय, असं विचारू नका. शेजारणीने विचारलं तर दोन दिवस घरात अबोला होता. लाटेच्या पोटापर्यंत बघून 'पाणी ओलं वाटतंय' एवढंच म्हणा.

चित्र तुम्हालाच भेट द्यायचं ठरलंय. पण वाळायला कित्येक आठवडे, आणि व्हार्निश त्यानंतर सहा महिन्यांनी. तेव्हा हॉलमधला आजोबांचा फोटो इतक्यात उतरवू नका.

तुमची,
सुमा