एफपीएस काका

आमच्या सोसायटीतल्या पोरांनी त्यांना ‘एफपीएस काका’ हे नाव पाडलं, तेव्हा तळमजल्यावरच्या आजोबांना ती एफआरसीएससारखी काहीतरी विलायती पदवी वाटली. त्यांनी लिफ्टमध्येच धोतर वर करून काकांना गुडघा दाखवला. डॉक्टर बदलायला सांगतायत, म्हणाले. काकांनी गुडघा नीट न्याहाळला आणि गंभीरपणे सांगितलं, “चालतोय ना अजून? मग एवढ्यात बदलू नका. पुढच्या वर्षी याहून चांगला येईल.”

एफपीएस म्हणजे पडद्यावर सेकंदाला किती चित्रं उमटतात तो आकडा. काकांच्या मॉनिटरच्या कोपऱ्यात तो हिरव्या रंगात नाचत असतो. गेममध्ये नायकावर चहूबाजूंनी गोळ्या झाडल्या जात असोत, काकांची नजर कोपऱ्यात. ५२ चे ४७ झाले की त्यांच्या पोटात गोळा येतो. जीटीए फाइव्हमध्ये मशीनची कुवत मोजायची एक चाचणी आहे. तिच्यात एक विमान शहरावरून उडत जातं. ते विमान काकांनी इतक्या वेळा पाहिलंय की खालच्या इमारती त्यांना डोंबिवलीपेक्षा ओळखीच्या झाल्यात. गेमची गोष्ट मात्र पहिल्या दरोड्यापुढे सरकलेली नाही.

मशीन २०१४ च्या दिवाळीतलं. लग्नाआधीच्या शेवटच्या बोनसमधून जमवलेलं, म्हणजे कोणालाही न विचारता केलेली शेवटची खरेदी. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, डीडीआर-थ्री रॅम. २०१६ मध्ये त्यात जीटीएक्स १०६० कार्ड आलं, ते काकूंना ‘ऑफिसच्या कामाचं’ म्हणून सांगितलेलं. कॅबिनेटची एक बाजू कायम उघडी असते, तिचं झाकण पलंगाखाली. एप्रिल-मे महिन्यांत घरातला टेबलफॅन मशीनकडे तोंड करून असतो आणि माणसं वर्तमानपत्राने वारा घेतात.

आता गंमत अशी, की दुसऱ्याच्या मशीनचा निर्णय घ्यायला काकांना पाच मिनिटं पुरतात. बी विंगमधला एक मुलगा सल्ला मागायला आला होता. “बजेट?” “साठ हजार.” “मॉनिटर धरून?” “हो.” दुधाच्या बिलामागे यादी तयार! वर ताकीद, “पॉवर सप्लायमध्ये कंजुषी करायची नाही. तो जाताना एकटा जात नाही.” असे निदान वीस संसार काकांनी लावून दिलेत. स्वतःच्या मशीनचा विषय निघाला की मात्र हाच माणूस एक्सेल उघडतो.

त्या एक्सेलमध्ये दोन पानं आहेत, ‘अपग्रेड’ आणि ‘नवीन’. पहिल्या पानाची सुरुवात नेहमी “एवढं कार्ड बदललं की झालं” अशी होते. पण नवं कार्ड घातलं तर जुना प्रोसेसर त्याला पुरा पडत नाही. प्रोसेसर बदलावा तर सॉकेट वेगळं, म्हणजे मदरबोर्ड आला. नव्या मदरबोर्डात डीडीआर-थ्री रॅम बसत नाही, खाचच सरकलेली. एवढ्या सगळ्याला जुना पॉवर सप्लाय पुरेल का, याची काकांना शाश्वती नाही. आणि कार्ड लांबीला असं, की कॅबिनेटमधला हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो. शेवटी दोन्ही पानांच्या बेरजेत माउसपॅडच्या किमतीएवढा फरक उरतो. मग काका बेरीज पुन्हा तपासतात.

शनिवारी ते मला घेऊन लॅमिंग्टन रोडला जातात. दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं. डॉ. भडकमकर मार्ग हे त्या रस्त्याचं अधिकृत नाव अख्ख्या रस्त्यावर फक्त पाटीला ठाऊक. सात दुकानं होतात. सातही ठिकाणी “बजेट बोला, साहेब” एवढ्या एका प्रश्नाला काका उत्तर देत नाहीत. संध्याकाळी आम्ही थर्मल पेस्टची एक ट्यूब घेऊन परततो. घरात आता अशा नऊ ट्यूब आहेत. काकूंनी एकदा टूथपेस्ट समजून… जाऊ दे.

थांबण्यामागे त्यांच्याकडे भक्कम इतिहास आहे, हे मान्य करायला हवं. २०१७ मध्ये आभासी चलन खणणाऱ्यांनी बाजारातली कार्डं पळवली. ती लाट ओसरतेय तोवर करोना आला, चिपांचा तुटवडा झाला आणि भाव गगनाला भिडले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं खोदकाम बंद पडलं, जुनी कार्डं स्वस्तात आली, पण “खाणीत दिवसरात्र राबलेलं जनावर कोण दावणीला बांधणार?” त्याच महिन्यात एएमडीचं नवं सॉकेट आलं, तर त्याला डीडीआर-फाइव्हच लागते आणि ती तेव्हा महाग. ती उतरली. काकांनी पाकीट काढलं. २०२५ संपता संपता एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीला अशी मागणी आणली की रॅमचे भाव पुन्हा चढले. काकांनी पाकीट ठेवलं. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. भविष्य खरं ठरलेल्या ज्योतिषाचं समाधान होतं.

“अरे, फ्रिज एका दिवसात आणलास,” काकू म्हणतात.

“फ्रिज बंद पडला होता. हे चालतंय.”

यातलं ‘चालतंय’ हळूहळू आकसत गेलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार सुटला. विंडोज ११ चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला पंक्तीत बसवून घेत नाही. २०२४ च्या डिसेंबरात आलेला इंडियाना जोन्सचा गेम काकांनी हौसेने घेतला, तर तो १०६० वर सुरूच होईना, कारण त्याला रे ट्रेसिंगवालं कार्डच लागतं. हळू चालण्याची काकांना सवय आहे. दारातूनच परत पाठवलं गेलं, हे लागलं.

त्यातच मशीन मधूनमधून आपोआप बंद पडायला लागलं. काकांचा चेहरा उजळला. आता ‘नवीन’वालं पान! निरोपाची अंघोळ म्हणून त्यांनी ब्रशने सगळं साफ केलं. प्रोसेसरच्या पंख्याखाली गादीत भरता येईल एवढी धूळ आणि पालीची दोन अंडी निघाली. दहावी ट्यूब फोडून ताजी पेस्ट लावली. मशीन सुरू झालं आणि विमान ५८ वर उडालं. इतका खचलेला माणूस मी पाहिला नव्हता.

गेल्या आठवड्यात बी विंगमधला तो मुलगा पुन्हा आला. त्याला नोकरी लागलीय, नवं कार्ड घेतलंय. “काका, हे माझं जुनं ३०६० तुम्हाला. पैसे नकोत.” काकूंनी लगेच त्याच्या हातावर लाडू ठेवला. काकांनी कार्ड दोन्ही हातांत घेतलं, टेप लावून लांबी मोजली. मावत होतं. मग उलटं करून वीजजोडणीची जागा पाहिली आणि माझ्याकडे वळले.

“याला आठ पिन लागतात. माझ्या पॉवर सप्लायला सहाचीच वायर आहे.”

“म्हणजे?”

“दोन पिनांचा प्रश्न आहे,” काका खुर्ची ओढून बसले. एक्सेल उघडलं होतं. “शनिवारी मोकळा आहेस ना?”